भूल देणाऱ्यांच्या गर्दीत

आमच्या तालुक्यात भूल देणारी डॉक्टर मी एकटीच. त्यामुळे पुण्याच्या अधिवेशनाला पहिल्यांदा गेले, तेव्हा सभागृहाच्या दारातच थबकले. समोर हजारो माणसं बसली होती आणि सगळी माझंच काम करणारी.

व्यासपीठावर पांढऱ्या केसांचे एक डॉक्टर बोलत होते. ऑपरेशन उत्तम झालेला त्यांचा एक पेशंट काही केल्या शुद्धीवर येईना, हे सांगताना ते मध्येच थांबले. मग त्यांनी विचारलं, "पेशंटच्या उशाशी उभं राहून 'बाबा रे, डोळे उघड' असं मनात कुणी कुणी म्हटलंय?"

पुढच्या रांगेत एक हात वर झाला. मग बघता बघता पार बाल्कनीपर्यंत हातच हात. बांगड्यांचे, घड्याळांचे, वयानं थरथरणारे. कुणीही हसलं नाही. ती भीती आमच्या लहान गावाची, माझ्या एकटेपणाची आहे असं मी समजत होते. इतक्या जणांनी ती निमूट सोसली होती आणि दुसऱ्या दिवशी ते सगळे पुन्हा कुणाच्या तरी उशाशी जाऊन उभे राहिले होते.

माझाही हात वर गेला. शेजारच्या वयस्कर बाईंनी हळूच विचारलं, "कधीची गोष्ट?"

"गेल्या आठवड्यातली. एक आजोबा होते. डोळे उघडले आणि आधी चहा मागितला," मी म्हणाले. "आणि तुमची?"

"माझी? रोजचीच," त्या म्हणाल्या. त्यांचा हात अजून वरच होता.