अक्कांच्या गच्चीचं पाणी

सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ते आलं की आमच्या गल्लीत आधी पिंपातलं उरलेलं जुनं पाणी गटारात ओततात. शिळं झालं म्हणून. मी कोकणातली. सातवीत शाळा सुटली, पुढे लग्न होऊन इथे आले, तेव्हा हे मला बघवेना. आमच्याकडे एवढा पाऊस, तरी आई पागोळ्यांखाली घागरी लावून ठेवायची. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने जपून बोलावं.

खोली अक्कांची. अक्का अक्कलकोटकडच्या, निम्मं कन्नड, निम्मं मराठी बोलणाऱ्या. माझ्या बाळंतपणाला माहेरचं कुणी येऊ शकलं नाही. शेकशेगडीपासून बाळाच्या आंघोळीपर्यंत सगळं अक्कांनी केलं, आणि नंतर एकदाही बोलून दाखवलं नाही. त्यामुळे त्यांच्यापुढे माझा आवाज आपोआपच खाली येतो.

गल्लीत सगळ्यांचा मिळून एक बोअर आहे. तो उन्हाळ्यात मध्येच कोरडा पडायला लागला, तेव्हा कोपऱ्यावरच्या निवृत्त शिक्षिका बाईंनी आम्हा बायकांचा गट केला. गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरला द्यायचं आणि धुण्याचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून झाडांना घालायचं, असं ठरलं. पालिकेने मदत करावी म्हणून बाई झोन ऑफिसात जाऊन बसायच्या, आम्ही मागे उभ्या. शेवटी तिथले इंजिनिअर म्हणाले, "आधी एका घराचं करून दाखवा, मग बाकीच्यांचं बघू."

बोअरजवळची मोठी गच्ची एकच, अक्कांची.

"तू त्यांच्यातच राहतेस. तूच विचार," बाई मला म्हणाल्या.

दोन दिवस मी टाळलं. मग अक्का बोअरचं पाणी भरत होत्या, तेव्हा विचारलं.

"गच्चीचं पाणी? आणि सोडणार कुटं?"

"बोअरमध्ये."

अक्कांनी कळशी खाली ठेवली. "कबुतरं हागत्यात तितं. तुझ्या पोराची दुपटी वाळत्यात. ते पाणी बोअरमदी? आणि तेच मी सकाळी लिंगाला घालू?"

अक्कांच्या पूजेला साठवलेलं पाणी चालत नाही. रोज आंघोळ करून बोअरचा एक ताजा तांब्या घ्यायचा, कुणाला शिवायचं नाही, तसंच पूजेला बसायचं.

"मडी राहील व्हय त्याला?" त्या म्हणाल्या. मडी म्हणजे सोवळं. "त्या बाईनं शिकवून धाडलंय तुला. राहायचं माझ्यात आणि ऐकायचं तिचं!"

झालं. त्या दिवसापासून अक्कांचं मधलं दार बंद. रोज सकाळी बाळाला हाक मारून दूधभाकरी भरवायच्या, तेही थांबलं. हे म्हणाले, "दुसरी खोली बघू का? कशाला पडलीस त्या पाण्याच्या भानगडीत?" बाळाला घेऊन दुसरीकडे जायचं, ओळख ना पाळख. कुठली भांडी आधी बांधायची, इथपर्यंत माझ्या मनात येऊन गेलं.

मग एका सकाळी बाईंनी बोलावलं म्हणून इंजिनिअर जागा बघायला आले. बोअरपाशी गल्ली जमली. डोक्यावर पदर घेऊन अक्काही आल्या. आता भांडण होणार, म्हणून मी बाळाला कडेवर घेऊन पार मागे जाऊन उभी राहिले.

"साहेब, गच्चीचं पाणी सरळ बोअरमदी घालणार म्हणं?"

"तसंही करतात आजी, पण मी नाही सांगणार. बाजूला खड्डा घ्यायचा. त्यात गोटे, खडी, वाळू. पाणी मुरत मुरत खाली जाईल."

"म्हंजे आदी जमीन पिणार, मग बोअरला देणार?"

"बरोबर."

"मग तसं सांगायचं की आदी! ही कोकणी म्हणाली सरळ बोअरमदी."

सगळे माझ्याकडे बघून हसले. बाई पुढे झाल्या. "तिचं नका धरू अक्का. मीच तिला तसं सांगितलं होतं."

"शाळंत पोरांनाबी असंच शिकवलं व्हय तुमी?"

बाईच सगळ्यांत मोठ्याने हसल्या.

मग अक्कांनी अटी घातल्या. खड्डा त्यांच्याच अंगणात, पण बोअरपासून लांब. सुरुवातीच्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर जाऊ द्यायचं. गच्चीवर चप्पल नाही, कबुतरांना दाणे नाहीत, दुपटी तर नाहीतच. इंजिनिअर म्हणाले, "आजी, चप्पल सोडली तर बाकी सगळं आम्हीही हेच सांगतो." अक्का म्हणाल्या, "चप्पलबी सांगत जावा."

माणसं पांगली. मला राहवेना. मी त्यांच्या दाराशी गेले. "अक्का, आम्ही... खोलीत राहू ना?"

"म्हंजे? कुटं चाललीस?" त्यांनी माझ्या कडेवरून बाळाला ओढून घेतलं. "गच्ची धुवायची कुणी, मी? गुडघं बघ माझं."

मी तिथेच उंबऱ्याशी बसून रडले. "लई झालं," म्हणत त्या बाळाला घेऊन आत गेल्या.

पावसाळ्याआधी खड्डा झाला. या उन्हाळ्यात बोअरचं पाणी कमी झालं, नाही असं नाही, पण मोटर कोरडी फिरली नाही. शेजारच्या गल्लीतल्या बायका खड्डा बघायला येतात. अक्का त्यांना चप्पल खाली काढायला लावून गच्चीवर नेतात. खोली बदलायचा विषय ह्यांनी परत काढला नाही. तरी सकाळी मधलं दार उघडून अक्का बाळाला हाक मारेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.