वन्संचा कान

वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, दोन मिनिटं एका जागी बसतील तर शपथ. आमची फसफसणारी लाल वाइनही तशीच. पिंपातलं आंबणं पुरतं थांबायच्या आत ती बाटलीत भरायची. उरलेलं आंबणं बाटलीत होतं आणि त्याचेच बुडबुडे येतात. घाई झाली तर बाटल्या फुटतात, उशीर झाला तर बुडबुड्यांच्या नावानं शंख. ती वेळ बत्तीस वर्षं वन्संच ठरवायच्या. पिंपाला कान लावून आतली चुरचुर ऐकायच्या आणि म्हणायच्या, "भरा." मग थांबायची कुणाची टाप नव्हती.

साखर मोजायची काचेची नळी मी आणली, तर नवरा म्हणाला, "ताईसमोर काढू नकोस हं." म्हणजे माझ्याच घरात मी चोर!

यंदा द्राक्षबागेच्या छाटणीवरून वन्सं मला चार माणसांसमोर नको ते बोलल्या. तेव्हापासून अबोला. भरायच्या दिवशी सकाळीच मी नळी बुडवून बघितली होती, साखर हवी त्याच्या दुपटीहून जास्त. पिंपाची चुरचुर तर मला दारातून ऐकू येत होती. वन्संनी बराच वेळ कान लावला आणि म्हणाल्या, "भरा." मी तोंडात मिठाची गुळणी धरली. बरी खोड मोडेल, असंही मनात आलं. खोटं कशाला बोलू? वर्षाची सगळी लाल वाइन, नऊशे बाटल्या, तळघरात जाऊन बसली.

अकराव्या दिवशी आम्ही जेवत असताना पहिली फुटली. संध्याकाळपर्यंत आणखी सहा. वन्सं जिन्यावरून खाली जायच्या, वर यायच्या, पुन्हा खाली. आमच्याकडे औषध ना बागेत ना वाइनमध्ये, तेव्हा आंबणं थांबवायला घालणार काय? एकच उपाय होता. एकेका बाटलीचं पत्र्याचं बूच जरासं उचकटून जोर सोडायचा आणि नवं बूच मारायचं. नऊशे वेळा.

दुसऱ्या दिवशी नवरा जाड हातमोजे आणि चष्मे आणायला गेला. वन्सं कसल्या थांबतायत! हाताला टॉवेल गुंडाळून सुरू. मी खाली गेले तेव्हा त्यांच्या मागच्या रांगेतली एक बाटली बुचातून शीळ घालत होती.

"वन्सं, सरका! मागे बघा!"

त्या ढिम्म. मी दंडाला धरून ओढलं आणि बाटली फुटली. भिंतभर लाल झालं.

"एवढी ओरडतेय, ऐकू येत नाही तुम्हाला?"

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. "तीन वर्षं झाली," त्या म्हणाल्या.

"मग गेल्या वर्षी? त्याच्या आधी? वेळ तर अगदी बरोबर साधली होती!"

"कान लावायचे आणि तुझ्याकडे बघायचे. वेळ झाली नसली की तुझ्या कपाळाला आठी असायची. ती गेली की भरा म्हणायचं. यंदा तू पाठ फिरवून उभी होतीस. किती वाट बघितली मी."

मला माझी लाज वाटली. "अहो, मग हाक मारायची ना!"

"आणि काय सांगू? की मी आता या घरात काही कामाची नाही?"

त्यांनी पुढची बाटली उचलली. मी ती काढून घेतली, खाली ठेवली आणि माझं कपाळ त्यांना नीट दिसेल अशी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.