हिंदी बोलणारा शिपाई

आखातात, मनामा शहरातल्या जुन्या बाजारामागच्या गल्लीत राहत होतो, तेव्हा टायर जळाल्याचा वास मला स्वयंपाकघरातसुद्धा लगेच कळायचा. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. अधूनमधून धूर दिसायचा, मग पळणारी पावलं, शिट्ट्या, अश्रुधुराचं नळकांडं फुटल्याचा फट्ट आवाज. सकाळी रस्ता झाडून स्वच्छ केलेला असायचा. मी ऑफिसात जाऊन टायपिंगला बसायचे आणि तिथं कालचा विषय कुणी काढायचं नाही.

नवरा मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये एसी दुरुस्त करायचा. "हे त्यांचं आणि त्यांच्या सरकारचं घरचं भांडण आहे," तो म्हणायचा. "आपण व्हिसावरची माणसं. आपल्याला दिसलं नाही, ऐकू आलं नाही." मलाही ते पटायचं. मी लहान असताना परभणीकडच्या आमच्या गावात बौद्धवाड्यावर जमाव चालून आला होता. आईनं मला कणगीमागं दडवलं होतं. दारावर दगड पडतात तेव्हा आतल्या माणसाला काय होतं, ते मला ठाऊक होतं.

एका दुपारी मुलीला शाळेच्या बसवरून घेऊन परतत होते. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि समोरून तरुणांचा लोंढा धावत आला. मागून ढाली आणि काठ्या घेतलेले शिपाई. एक दगड माझ्या कानाजवळून जाऊन शटरवर आदळला. डोळ्यांत धूर गेला आणि काही दिसेना. मुलीचा हात घट्ट धरून मी भिंत चाचपत होते, तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट पकडलं आणि आम्हा दोघींना दारातून आत ओढलं.

ती आमच्या समोरच्या घरातली म्हातारी होती. हज करून आलेली म्हणून सगळी गल्ली तिला हज्जिया म्हणायची. तोवर आमचं येताजाता सलाम करण्यापुरतंच होतं. तिनं धुरावर उतारा म्हणून मुठीनं कांदा फोडला आणि मुलीच्या नाकाशी धरला. मुलीचा श्वास जरा सावरतो न सावरतो, तोच मागच्या गच्चीवरून हज्जियाचा मुलगा खाली आला. टॅक्सी चालवणारा, तिशीचा माणूस. शर्ट फाटलेला, हात टायरच्या काजळीनं काळे. हज्जिया उठली. तांब्या घेऊन त्याच्या हातांवर पाणी ओतू लागली.

दार फुटेल अशा लाथा बसल्या. दोन शिपाई आत आले. तिथल्या पोलिसांत बाहेरच्या देशांतून भरती केलेले पुष्कळ होते; या दोघांतल्या एकानं माझा सलवार-कमीज पाहिला आणि सरळ हिंदीत विचारलं, "तुम यहाँ क्या कर रही हो?"

"पड़ोस में रहती हूँ."

"ये कब आया?"

हज्जियाला भाषा कळत नव्हती, पण प्रश्न कळला होता. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"सुबह से घर में है," मी म्हणाले.

तो मुलीपुढं वाकला. "बेटी, तू बता. ये अंकल कब आए?"

माझी मुलगी मराठीत विचारलेल्याला नेहमी इंग्रजीत उत्तर द्यायची. त्या वेळी तिनं माझ्या पोटात तोंड खुपसलं आणि म्हणाली, "आई, घरी चल."

शिपायानं त्या माणसाचा ओला हात उचलून नाकाशी नेला. मग काठी मारली. पहिला फटका गुडघ्यावर. तो कोसळला तेव्हा पाठीवर, मग कानशिलावर. काठी हाडावर बसते तेव्हा आवाज कोरडा येतो. हज्जिया मुलाच्या अंगावर पडली. दुसऱ्या शिपायानं तिला खांद्याला धरून बाजूला भिरकावलं. तिचं कपाळ फ्रीजच्या कडेवर आपटलं आणि रक्त भुवईवरून खाली आलं. मी मध्ये कधी गेले ते मला आठवत नाही. "बस करो, माँ है उसकी," एवढं बोलले आणि पुढचा फटका माझ्या हातावर बसला.

तो थांबला. त्याला धाप लागली होती. हळू आवाजात म्हणाला, "बहनजी, आपका इसमें क्या है? हम सब यहाँ नौकरी करने आए हैं. घर जाओ."

मग दोघांनी त्या माणसाच्या काखेत हात घालून त्याला फरफटत बाहेर नेलं. तो शुद्धीवर नव्हता.

दवाखान्यात मी जिन्यावरून पडले असं सांगितलं. हाताला प्लास्टर घातलं. नवरा मला घरी घेऊन आला. मग म्हणाला, "तू मधी कशाला पडलीस? व्हिसा कॅन्सल झाला असता."

"झाला असता," मी म्हणाले.

त्यानं उठून कुकर लावला.

मला त्या शिपायाचा राग यायचा, आणि तो कमी होत नव्हता. त्यानं अरबीत शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित विसरले असते. पण तो मला बहनजी म्हणाला होता. त्या 'हम सब'मध्ये त्यानं मलाही ओढलं होतं, आणि तिथून बाहेर कसं पडायचं ते मला कळत नव्हतं.

उन्हाळा संपल्यावर हज्जियाचा मुलगा सुटून आला. एका पायानं लंगडत होता, एका कानानं ऐकू येत नव्हतं. टॅक्सी सुटली. त्याच आठवड्यात, त्या शिपायासारखीच हिंदी बोलणाऱ्या आमच्या गल्लीतल्या भारतीय शिंप्याचं दुकान कुणीतरी पेटवून दिलं. शिंपी बाहेर पडला, पण त्याचे दोन्ही पंजे भाजले होते. मी हज्जियाला विचारलं, हे कुणी केलं. "मफी," ती म्हणाली, काही नाही, आणि भांडी घासत राहिली.

नवऱ्यानं शहराच्या अदलिया भागात घर बघितलं. सामान ट्रकमध्ये चढत होतं, तेव्हा हज्जियाचा मुलगा त्यांच्या पायरीवर बसला होता. मी मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं, कसा आहेस. त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं मान फिरवून दुसरा कान माझ्याकडे केला. मी तेच पुन्हा विचारलं. त्यानं फटका बसलेल्या माझ्या हाताकडे बघितलं आणि उठून आत गेला.