कस्तुरीअक्कांच्या गोगलगाई

विश्रामबागेतल्या त्या गल्लीत कस्तुरीअक्कांच्या बागेचा मोठा बोलबाला. पावसाळ्यात घरोघरी गोगलगाईंचा नुसता धुमाकूळ, अळूच्या पानांची चाळण झालेली. आणि अक्कांची शेवंती आपली टवटवीत! बायका येऊन विचारायच्या, "अक्का, घालता तरी काय?" अक्का पदर सावरत म्हणायच्या, "काही नाही गं, माती चांगली आहे." म्हणताना मनातून सुखावायच्या, खोटं कशाला बोला!

आता माती चांगली होतीच, पण सकाळची बादली कुणी पाहिली होती? अक्का जैन, त्यातून चातुर्मास. जीव मारायचा विचारसुद्धा मनाला शिवायचा नाही. म्हणून रोज उजाडलं की त्या एकेक गोगलगाय अलगद उचलून बादलीत घ्यायच्या आणि भिंतीपलीकडं केरबांच्या बागेत सोडायच्या. तिकडं झाडी दाट, ओल भरपूर, जीव सुखात राहतील, एवढंच त्यांच्या डोक्यात. बिचाऱ्यांच्या मनात काळंबेरं काही नव्हतं.

केरबा विट्याकडचे. फौजेतनं सुभेदार होऊन परतलेले, मिशी दरारा बसावा अशी. गावाकडनं वांग्याची रोपं आणून त्यांनी हौसेनं लावली होती. एका सकाळी ते भिंतीवरनं डोकावले.

"आवं अक्का, ह्ये काय गौडबंगाल हाय? मधी वीतभर भिंत. तुमच्याकडं औषदाला गोगलगाय न्हाई, आन माझ्याकडं आख्खी पलटन! दोनदा रोपं लावली, दोनदा फस्त. आता मिठाचं पोतंच आनलंय."

अक्कांच्या हातातली झारी तशीच राहिली. मीठ पडलं की गोगलगाय विरघळून जाते, हे का त्यांना ठाऊक नव्हतं? ज्यांना वाचवलं म्हणून रोज समाधान मानलं, त्यांना आपणच मरणाच्या दारात नेऊन सोडलं की काय! वर शेजाऱ्याची वांगीही आपल्यामुळंच गेली. किती जीव गेले असतील, हा एकच घोर. शेवटी दुपारी त्या उठल्या आणि तडक केरबांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. दार त्यांच्या बायकोनं, मनुबाईनं उघडलं. केरबा आत बसले होते.

"केरबाभाऊ," अक्का उंबऱ्यातनंच म्हणाल्या, "त्या गोगलगाई माझ्या. मीच टाकते रोज भिंतीवरनं. तुमची वांगी माझ्यामुळं गेली. काय बोलायचं ते बोला, पण त्या जीवांचं काय केलंत, तेवढं खरं सांगा."

मनुबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. केरबांनी मात्र मान खाली घातली.

"त्ये काय सांगत्यात!" मनुबाई म्हणाली. "आवं, पोत्याचा टाका बी उसवला न्हाई अजून. नुसता दम द्यायला आनलंय."

"तसं न्हाई," केरबा अडखळले. "मीठ टाकनारच हुतो, अक्का. पन तुमी पल्याड झाडांना पानी घालता, तवा णमोकार मंतर म्हनता. हितं ऐकू येतंय. त्ये कानावर पडत असताना कसं टाकू? लाज वाटली बगा. मंग रोज डबा भरतो आन स्कूटरवरनं वड्याला सोडून येतो."

अक्का तिथंच पायरीवर बसल्या. डोळे पुसता पुसता त्यांना हसू यायला लागलं.

दुसऱ्या दिवशी अक्का आपली बादली मांडीवर घेऊन केरबांच्या स्कूटरवर मागं बसल्या. जन्मात पहिल्यांदा शेजाऱ्याच्या गाडीवर बसणं, पण त्याचं काही वाटलं नाही. ओढ्याकाठी केरबांनी डबा उघडला. अक्कांना वाटलं, आता फौजी माणूस डबा उपडा करून मोकळा होणार. पण केरबा गवतात उकिडवे बसले आणि एकेक गोगलगाय हातानं खाली ठेवू लागले. एक उताणी पडली, तर बोटानं हळूच सरळ केली आणि ती चालायला लागेपर्यंत थांबले.