नांदेडचा हिरवा टीव्ही

शिवांगी लातूरच्या भूकंपाच्या साली मुरुडला जन्मली, म्हणून घरचे तिला 'हादरा' म्हणत. नाव शोभतं. लातूरच्या आमच्या कोचिंग क्लासच्या सॉफ्टवेअर विभागात मी तीन वर्षं तिच्या शेजारी बसलो. इतकी भांडकुदळ आणि इतकी बरोबर बाई मी दुसरी पाहिली नाही.

आमचा प्रोग्राम रविवारच्या पेपरचे गुण मोजतो आणि त्यावर सोमवारी पोरांच्या बॅच बदलतात. मोजणी नीट होते का, हे तपासायला शिवांगीने एक अ‍ॅसर्शन लायब्ररी लिहिली होती. इथे एवढेच गुण यायला हवेत, असं त्या लायब्ररीला सांगून ठेवायचं. वेगळे आले की ती एरर फेकते. लातूरच्या टेस्टिंग फ्रेमवर्कला, म्हणजे या चाचण्या चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ती एरर कळायची. नांदेड शाखेचं फ्रेमवर्क वेगळं, जुनं. त्याला कळायची नाही. दोन्हीकडे चालेल असा जोड लिहू द्या, म्हणून ती जूनपासून क्लासचे मालक राघवेंद्र सर यांच्या मागे लागली होती. सरांचं एकच उत्तर, "नांदेडचं नीट चालू हाय, हात लावू नको."

नीट कसलं डोंबलाचं! पालकांवर छाप पडावी म्हणून सरांनी प्रोग्रामच्या या चाचण्यांचा निकाल नांदेडच्या रिसेप्शनमध्ये टीव्हीवर लावला होता, पास हिरवा, नापास लाल. त्यावर लाल रंग दिसता कामा नये, असा हुकूम होता. म्हणून अनोळखी एरर आली की सरळ 'पास' धरायचं, अशी एक ओळ तिथे कुणीतरी घातली. कुणीतरी म्हणजे मीच. सर म्हणाले आणि मी मुकाट्याने लिहिली. अजून माझाच राग येतो.

शेवटी सप्टेंबरात शिवांगीने कुणाला न विचारता जोड लिहिला. दोन दिवसांचं काम. लायब्ररी आधी पाहते, आपण कुठल्या फ्रेमवर्कमध्ये चाललोय, आणि त्याला कळेल अशीच एरर फेकते. माझी ओळ तिने खोडून टाकली. चाचण्या चालवल्या तर एक्केचाळीस लाल! रद्द केलेल्या प्रश्नांचेही गुण नांदेडला तीन महिने कापले जात होते. देगलूरची दानम्मा नावाची पोरगी त्यातच वरच्या बॅचमधून तळाला गेली होती, आणि तिथून क्लास सोडून घरी.

शिवांगी तडक सरांच्या केबिनमध्ये शिरली. मी दारात उभा राहिलो.

"सर, तीन महिन्यांच्या बॅचच्या याद्या बरोबर गुणांनी परत काढा."

"पुढच्या पेपरपासून दुरुस्त कर की. मागचं कशाला उकरायलीस? क्लासचं नाव खराब होईल."

"नाव? तिकडं लेकरं स्वतःला ढ समजून बसल्यात, अन् तुम्हाला नावाची पडली?"

"तू काढायच्या न्हाईत. सांगून ठेवतो."

तिने काढल्या. भिंतीवर लावल्या, एकेका घरी फोन केले. सर शेवटपर्यंत केबिनमधून बाहेर आले नाहीत.

देगलूरचा फोन लागला तेव्हा तिने तो माझ्या हातात कोंबला. "ओळ तुझी हाय. तूच सांग."

मी सांगितलं. चूक आमची होती, तुझे गुण वरच्या बॅचचेच होते, परत ये.

"मी पुस्तकं वाटून टाकली, सर," दानम्मा म्हणाली. मग अगदी हळू, "म्हणजे मला येत होतं?"

"येत होतं," मी म्हणालो.