खिडकीच्या गजातला करंट

टेस्टर खिडकीच्या लोखंडी गजाला लावला आणि दिवा लागला. म्हणजे गजात करंट होता. खरं सांगतो, मला आनंद झाला.

कारण लातूरच्या त्या हॉस्टेलची वायरिंग बालाजीची होती. कोचिंगच्या पोरींसाठी गल्लोगल्ली हॉस्टेलं उभी राहिली आणि जिथं बघावं तिथं बालाजीचाच बोर्ड. वायरमनचं लायसन्स त्याच्याकडे होतं, तसं माझ्याकडेही होतं. पण लोक त्यालाच बोलवायचे, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

हे काम आधी मलाच मिळणार होतं. मालकीण अनुसयाबाई मूळच्या किल्लारीच्या. भूकंपात त्यांची बहीण भिंतीखाली गेली. मी म्हणालो होतो, भिंती खोदून आत पाइप टाकू.

"गफूरभाई, माझ्या भिंतीला छिन्नी लागू देणार न्हाई."

"मावशी, वायर उघडी ठेवता येत नाही, नियम आहे."

"मग ऱ्हाऊ द्या."

बालाजी आला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या भिंतीला टाचणीबी लावत न्हाई." काम त्याला मिळालं.

भिंतीला त्यानं खरोखर काही लावलं नव्हतं. वायरी उघड्याच लोंबत होत्या. कूलरची वायर खिडकीच्या फटीतून बाहेर नेलेली. खिडकी लावून लावून वायरीचं रबर कापलं गेलं आणि आतलं तांबं गजाला टेकलं. गजावर ओला टॉवेल टाकणाऱ्या पोरीला झटका बसला, म्हणून बाईंनी मला बोलावलं होतं.

मेन स्विच बंद करून मी बाईंना समजावलं. ही मऊ, फ्लेक्सिबल वायर इस्त्रीसारख्या हलवायच्या वस्तूंची. कायमच्या वायरिंगला ती चालत नाही, आणि दाराखिडकीच्या फटीतून तर मुळीच न्यायची नाही. लोखंडी कूलरला अर्थिंगची तिसरी तार हवीच. बॉडीत करंट उतरला तर तो तारेतून जमिनीत जावा, पोरीच्या अंगातून नव्हे. बालाजीनं दोनच तारा जोडल्या होत्या.

"बालाजीनं जीवच घेतला असता," मी मुद्दाम म्हणालो.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. "पोरी लोकांच्या हायत हो. पण छिन्नी नको."

"छिन्नी नाही. प्लास्टिकची केसिंग पट्टी भिंतीवरून नेतो, वायर तिच्या आत. स्क्रूपुरतं बारीक भोक पाडावं लागेल. तुम्ही भिंतीला हात लावून उभ्या राहा. हादरली तर थांबतो."

त्या प्रत्येक भोकाला तळहात टेकवून उभ्या राहिल्या. भिंत हादरली नाही. कूलरची तीन तारांची वायर खिडकीच्या लाकडी चौकटीत पाइपचा तुकडा बसवून त्यातून बाहेर काढली. मेन स्विच चालू करून टेस्टर पुन्हा गजाला लावला. दिवा लागला नाही.

"आता बालाजीला दारात उभं करू नका," मी निघताना म्हणालो.

"असं कसं? पोरगं चुकलं. पण माझं भ्याव त्यालाच आधी कळलं."

पुढं बाईंनी दुसरी इमारत घेतली. काम बालाजीला. मी चुका काढायलाच गेलो. केसिंग पट्टी सरळ रेषेत, अर्थिंग पक्कं, चौकटीत पाइपचा तुकडा. शेवटच्या खोलीत बालाजी ड्रिल हातात धरून म्हणत होता, "ताई, भिंतीला हात लावा. हादरली तर थांबतो."

टेस्टर सगळीकडे लावून पाहिला. दिवा कुठंच लागला नाही. पोरी सुखरूप राहिल्या, चांगलंच झालं. पण घरी येऊन मी जेवलो नाही.