माझंच बोट पहिलं

"सहा पॉइंट आठ," लॅबवाल्या ताई मोठ्यानं म्हणाल्या, आणि कुंभारवाड्याच्या शाळेतली सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली.

शिबिर मीच भरवलं होतं. पोरं खातात त्या पाकिटबंद खाऊविरुद्ध दोन वर्षं मी गावोगाव पत्रकं वाटतेय. सुईला कुणी घाबरू नये म्हणून पहिलं बोट मीच पुढं केलं. हिमोग्लोबिन म्हणजे प्राणवायू वाहून नेणारा रक्तातला लाल घटक. बाईला बारा तरी हवं.

माझ्यामागं सुमनअक्काची लेक. बारा पॉइंट दोन.

सुमनअक्का अंगणवाडीत स्वयंपाक करते. तिनं आजवर एक कागद वाटलेला नाही. पोरं तिच्यामागं धावतात. माझ्या पत्रकांची विमानं करतात. खरं सांगते, त्या क्षणी मला स्वतःची काळजी वाटली नाही. मी जळले.

शाळेसमोरचा दुकानदार मामा दारातनं हसला, "आधी तुझं रक्त वाढव पोरी, मग माझी पाकिटं काढाय सांग."

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसात जेवता किती वेळा?" बस चुकू नये म्हणून सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी चहा-बिस्कीट. बिस्कीट पाकिटातलंच.

"पाळी?" आठ-आठ दिवस.

"माती, खडू, असलं काही खाता?"

मी पिशवीतली पुडी काढली. कच्चे तांदूळ. कित्येक महिने चावत होते.

"याला पायका म्हणतात. नको ते खायची ओढ. अंगातलं लोह कमी झालं की होते. चढणीला धाप लागते ना?"

लागायची. मला वाटायचं, तो संताप आहे.

फेरिटिन, म्हणजे अंगात साठवलेलं लोह, जवळपास संपलं होतं. पाळी फार जाते म्हणून गर्भाशयाची सोनोग्राफी झाली. बाकावर बसून भिंतीवरची पोषणाची चित्रं बघत राहिले. गाठबीठ निघाली नाही. मग सलाईनमधून, शिरेवाटे लोह. एक दिवसाआड.

तिसऱ्या सलाईनला सुमनअक्का आली. डब्यात नाचणीची भाकरी, कुळथाची आमटी आणि मुडली, म्हणजे आमच्याकडचा कंद, उकडून.

"तुझं पत्रक वाचलं मी," ती म्हणाली. "बरं लिवलंयस. पण कागद बघून भूक लागती व्हय?"

"मग काय करू?"

"पोरांसंगं जेवाय बस. ती तुझ्या तोंडाकडं बघत्यात, कागदाकडं न्हाई."

राग आला. भाकरी मात्र अख्खी संपवली.

तेव्हापासून ज्या शाळेत जाते तिथं पोरांच्या पंगतीत बसते. चहा जेवणानंतर लगेच घेत नाही, त्यानं लोह अंगी लागत नाही. गावोगाव फिरणाऱ्या बायांनो, दुसऱ्याच्या ताटात डोकावण्याआधी आपलं बोट टोचून घ्या.

तीन महिन्यांनी त्याच शाळेत पुन्हा तपासणी. दहा पॉइंट नऊ. "आमच्यासंगं जेवली म्हणून!" एक पोरगी ओरडली. मी ताठ मानेनं मामाच्या दुकानाकडं निघाले. तोवर सुमनअक्का तिथं पोचली होती.

"मामा, शाळा सुटूस्तवर ती माळ आत ठेवा की."

मामानं पाकिटांची माळ निमूट उतरवली. दोन वर्षांची माझी पत्रकं, आणि तिचं एक वाक्य!

अजून जळते मी तिच्यावर. पण आता तिच्याच शेजारी बसून, ती वाढेल ते खात.